बाबा दात फार जोरात घासतात, हिरड्या मागे सरकल्यात. कसं समजवायचं?

ओवी२१

नमस्कार मंडळी. दातांवरचे जुने धागे चाळले पण सगळे रूट कॅनॉल आणि त्याच्या खर्चाबद्दलच आहेत. माझा प्रश्न नेमका उलटा आहे म्हणून नवीन धागा काढतेय.

माझे बाबा, वय ६७, एसटीतून रिटायर झालेत. आयुष्यात तंबाखू नाही सुपारी नाही, गोडपण बेताचंच. आणि दात घासायचं म्हणाल तर सकाळी उठल्यावर, दुपारी जेवून आणि रात्री झोपताना असं तिन्ही वेळा, आणि प्रत्येक वेळी दहा मिनिटं तरी सहज. करपलेली कढई घासावी तसे घासतात हो, हॉलमध्ये टीव्ही चालू असला तरी बेसिनवरचा आवाज येतो. ब्रश हार्डच लागतो, सॉफ्ट आणून दिला की म्हणतात याने काय दात घासायचे की दातांना गुदगुल्या करायच्या. नवीन ब्रशचे केस काही आठवड्यातच दोन्हीकडे असे आडवे पडतात की मधला प्लॅस्टिकचा भाग दिसायला लागतो.

आता उन्हाळ्यापासून थंड काही प्यायलं की डाव्या बाजूला वरती जोरात कळ जाते त्यांना. माठातलं पाणी सोडलंय, कैरीचं लोणचं सोडलंय, ताकसुद्धा कोमट करून पितात. शेवटी ओढून डेंटिस्टकडे नेलं. तिने हातात आरसा देऊन दाखवलं, डावीकडचा वरचा सुळा आणि त्याच्या मागच्या दोन छोट्या दाढा, हिरडीच्या लगत आडव्या खाचा पडल्यात, नख अडकेल एवढ्या. बाकी अख्ख्या तोंडात कीड नाही एकही. ती बिचारी हसत म्हणाली काका तुम्ही जरा जास्तच घासता, झालं, बाबांचा पारा चढला. बाहेर पायऱ्यांवरच मला म्हणाले, न घासणाऱ्याचे दात किडतात आणि घासणाऱ्याचे झिजतात, मग माणसाने करायचं तरी काय?

त्यात माझा मुलगा पाच वर्षांचा, तो आजोबांच्या शेजारी स्टुलावर उभा राहून अगदी तस्साच घासतो, फेस उडवत. आजोबांचं काय ते वेगळं पण याला आत्तापासून ही सवय लागली तर अवघड आहे.

खरंच जास्त घासल्याने एवढं होतं का, की अजून काही कारण असतं? आणि गेलेली हिरडी परत येते का? आणि मुख्य म्हणजे ६७ वर्षांच्या माणसाची सवय बदलायची कशी, कोणी घरात केलंय का हे?

---

खडूस_काका

ओवी, बाबांना त्रास देऊ नका, त्यांचं बरोबर आहे. आमचे आजोबा गोवरीची राखुंडी आणि मीठ बोटावर घेऊन खसाखसा घासायचे, ऐंशी पार केल्यावरसुद्धा ऊस दाताने सोलून खायचे. तेव्हा ना डेंटिस्ट होता ना सेन्सिटिव्ह पेस्ट. आता पेस्टच कंपनीची, ब्रश कंपनीचा आणि दात शिवशिवले की त्यावरची दुसरी पेस्टही कंपनीचीच. हळू घासा म्हणे, उद्या म्हणतील घासूच नका.

---

बत्तिशी_दाखवा

मी दातांचीच डॉक्टर आहे, क्लिनिक बंद करून आत्ता टेकले आणि हा धागा दिसला. ओवी, तुमच्या बाबांसारखे पेशंट मला फार आवडतात कारण त्यांना शिकवायचं काही नसतं, फक्त थोडं आवरायचं असतं. एक आधीच सांगते, या वयात तोंडात एकही कीड नाही हे त्यांचंच कर्तृत्व आहे, ते आधी त्यांना मोकळेपणी म्हणा. आमच्यातले बरेच जण (मी पण) घाईत पहिलं वाक्य "जास्त घासता" असं टाकतो आणि समोरच्या माणसाला वाटतं आयुष्यभराची शिस्त एका मिनिटात मोडीत काढली.

आता खाचांबद्दल. दातावर जो रोज काढायचा असतो तो थर, ज्याला आम्ही प्लाक म्हणतो, तो एकदम मऊ असतो. सकाळी उठल्यावर पुढच्या दातावरून नख फिरवून बघा, पांढरट चिकट काहीतरी नखाला लागेल, तोच तो. नखाने निघतो म्हणजे त्याला जोर लागत नाही, त्याला फक्त ब्रश तिथपर्यंत पोचावा लागतो. आणि तो तिथेच राहिला तर लाळेतल्या क्षारांनी कडक होतो, ते किटण. किटण एकदा चढलं की घरच्या कुठल्याच ब्रशने निघत नाही, कितीही ताकद लावा, ते क्लिनिकमध्ये येऊन स्केलिंग करूनच जातं. म्हणजे बघा, मऊ थराला जोर नको आणि कडक थराला जोर लावून उपयोग नाही. मग बाबांचा तो जोर जातो कुठे, तर हिरडी आणि दाताच्या मानेवर.

दाताचं वरचं कवच, इनॅमल, हे शरीरातली सगळ्यात कडक गोष्ट आहे, हाडापेक्षाही. पण ते सगळीकडे सारखं जाड नसतं, हिरडीपाशी येता येता पातळ होत जातं. आणि हिरडीच्या आत जे मूळ असतं त्यावर इनॅमल नसतंच, तिथे एक पातळ मऊ आवरण आणि त्याखाली डेंटिन. हिरडी मागे सरकली की हे मूळ उघडं पडतं आणि पेस्ट-ब्रशने ते भराभर झिजतं. डेंटिनमध्ये डोळ्याला न दिसणाऱ्या अतिबारीक नळ्या असतात, त्यात द्रव असतो, थंड लागलं की तो द्रव हलतो आणि आतल्या नसेला कळतं. बाबांना जी कळ जाते ती ही. कैरीनेही तेच होतं.

डावीकडेच का झालं हे पण सांगते, बाबा उजव्या हाताने घासत असणार. उजव्या हाताच्या माणसाचा पहिला आणि ताजा जोर बहुतेक वेळा डाव्या बाजूला पडतो, आणि सुळा जबड्याच्या वळणावर जरा पुढे आलेला असतो म्हणून तो आणि त्यामागच्या दोन उपदाढा सगळ्यात जास्त मार खातात. डावखुऱ्या पेशंटचं उजवीकडे बघायला मिळतं.

फक्त ब्रशवर खापर फोडू नका हां. झीज करण्यात पेस्टमधल्या खरखरीत कणांचा वाटा मोठा असतो, ब्रश ते कण घेऊन फिरतो. पेस्ट किती घासते याचं एक माप असतं, आरडीए म्हणतात, आंतरराष्ट्रीय मानकात त्याची वरची मर्यादा २५० आहे. दात पांढरे करणाऱ्या पेस्टा आणि कोळशाच्या पेस्टा पुष्कळदा जास्त घासणाऱ्या असतात. शिवाय बाबांना ॲसिडिटी आहे का, रात्री दात खातात का हे विचारा, कारण अशा खाचा पडायला बऱ्याचदा दोन-तीन कारणं एकत्र येतात.

गेलेली हिरडी आपोआप परत येत नाही. फार उघडं पडलं असेल तर टाळूतून थोडी त्वचा घेऊन तिथे लावायचं छोटं ऑपरेशन असतं, पण ते सगळ्यांना लागत नाही. बहुतेकांना खाच भरून घेणं आणि सवय बदलणं एवढ्यावर भागतं.

---

बत्तिशी_दाखवा

(मघाशी जेवायला उठले, राहिलेलं लिहिते.)

घासायचं कसं. ब्रश मुठीत धरू नका, पेन धरतो तसा बोटांच्या चिमटीत धरा, मुठीत धरला की खांद्यापासून जोर येतो, चिमटीत तेवढा येऊच शकत नाही. माझ्या मते बाबांसाठी एवढी एकच गोष्ट केली तरी अर्धं काम झालं. मग ब्रशचे केस हिरडी आणि दात यांच्या सांध्यावर तिरके टेकवायचे, साधारण ४५ अंशात, निम्मे हिरडीवर निम्मे दातावर, आणि जागच्या जागी हलकं थरथरवायचं, करवत चालवल्यासारखं आडवं ओढायचं नाही. मग वरच्या दातांना खाली, खालच्यांना वर असं झाडून घ्यायचं. ही पद्धत अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या चार्ल्स बास नावाच्या माणसाची, गंमत म्हणजे तो डेंटिस्ट नव्हता, साधा एमडी डॉक्टर होता. आम्हाला कॉलेजात अजून तेच शिकवतात.

वेळ दोन मिनिटं. दिवसातून दोनदा, त्यातलं रात्रीचं चुकवू नये कारण झोपेत लाळ कमी होते. दुपारी बाबांना चैनच पडत नसेल तर नुसती खळखळून चूळ भरू दे, नाहीतर पेस्ट न लावता ओल्या मऊ ब्रशने हलकं फिरवू दे.

नातवाचं म्हणाल तर पाच वर्षांच्या मुलाने स्वतः घासलेलं खरं धरायचं नसतं. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्यांनी एकदा हात फिरवायचाच. तो स्टुलावर उभा असेल तर तुम्ही मागे उभ्या राहा, त्याचं डोकं तुमच्या पोटाला टेकलेलं, म्हणजे आत दिसतं. पेस्ट मटारच्या दाण्याएवढी, जाहिरातीत ब्रशभर लाट दाखवतात ती विसरा.

---

सोलकढी

बत्तिशी डॉक्टर, किती छान लिहिलंत. माझं पण विचारून घेते. सहावा महिना चालू आहे, सकाळच्या उलट्या अजून थांबल्या नाहीत, आणि तोंडाची ती आंबट चव नको वाटते म्हणून उलटी झाली की लगेच ब्रश करते. हल्ली घासताना हिरड्यातून रक्त पण येतंय. सासूबाई म्हणतात रक्त येतंय ना मग घासू नकोस, बोटाने घास. नवरा वेगळाच, तो जिमवाला, सकाळी लिंबू-मध-गरम पाणी आणि त्यावर लगेच कोळशाची पेस्ट, आणि परत मलाच म्हणतो माझे दात पिवळे का दिसतात गं.

---

बत्तिशी_दाखवा

सोलकढी, आधी तुमचं. उलटीत पोटातलं आम्ल असतं, त्याने इनॅमलचा वरचा थर थोडा वेळ मऊ पडतो. लाळ तो हळूहळू परत सावरते, पण त्याच वेळी ब्रश फिरला तर मऊ झालेलं घासून जातं. म्हणून उलटी झाल्यावर ब्रश नाही. ग्लासभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा टाकून चुळा भरा, पिऊ नका, आंबट चव पण जाते. ब्रश अर्ध्या-एक तासाने.

रक्ताचं मात्र सासूबाईंचं ऐकू नका. गरोदरपणात हॉर्मोन्समुळे हिरड्या जरा फुगतात आणि साठलेल्या प्लाकला जास्त चिडतात. रक्त येतं ते घासल्यामुळे नाही, बहुतेक वेळा तिथे नीट घासलं न गेल्यामुळे. मऊ ब्रशने हलकं पण रोज, त्याच जागी. आठ-दहा दिवसात फरक पडला नाही तर दाखवा, या महिन्यात स्केलिंग करता येतं, घाबरायचं काही नाही.

आणि नवऱ्याला सांगा, इनॅमल अर्धपारदर्शक असतं, दाताचा पिवळसर रंग आतल्या डेंटिनचा असतो. कवच जितकं घासून पातळ कराल तितका आतला पिवळा जास्त दिसणार. लिंबूपाणी प्यायचंच असेल तर घटाघट पिऊन टाका, घोट घोट करत तोंडात खेळवू नका, वर साध्या पाण्याची चूळ, आणि ब्रश करायचा तर लिंबूपाण्याच्या आधी. कोळशाचं काय ते तुम्हीच बघा, माझं मत वर लिहिलंय.

---

वऱ्हाडी_ठेचा

हे पिवळ्या दातांचं वाचून लिहावं वाटलं. मी यवतमाळकडचा. आमच्याकडे आणि चंद्रपूर, नांदेड भागात काही गावांच्या बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त. लहानपणी ज्याने ते पाणी प्यायलं त्याच्या दातावर पांढरे खडूसारखे नाहीतर तपकिरी पट्टे. आता बाहेरगावी शिकायला गेलं की पोरं म्हणतात हा दातच घासत नाही. माझ्या वर्गातला एक पोरगा ते पट्टे काढायला विटेची भुकटी घासायचा बाप्पा, हिरड्या सोलून काढल्या पण डाग जसेच्या तसे. कारण ते वरून चढलेलेच नाहीत, दात हिरडीच्या आत तयार होत असतानाच कवचात बसलेले. आम्हाला हे कोणी शाळेत सांगितलंच नाही.

ज्यांची पोरं लहान आहेत अशा गावातल्या लोकांनी पाणी तपासून घ्यावं. लिटरला दीड मिलिग्रॅम ही शेवटची हद्द धरतात. आणि पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटलं की वाढतंच. आमच्या घरी आता पिण्याला आरओ आहे म्हणून माझ्या पोरीचे दात साफ.

---

खडूस_काका

बरं मग राखुंडीचं काय? त्यावर डॉक्टरबाई गप्प का? का आजोबांच्या दातांवर उत्तर नाही?

---

बत्तिशी_दाखवा

काका, तुमच्या आजोबांना भेटायला आवडलं असतं मला, मनापासून. पण त्याच आळीत त्याच वयाची किती माणसं बोळक्या तोंडाने भाकरी दुधात कुस्करून खात होती त्यांची गोष्ट कोणी धाग्यावर लिहीत नाही. ज्यांचे दात टिकले त्यांचंच नाव निघतं. दुसरं म्हणजे आजोबांना दिवसातून चार वेळा साखरेचा चहा आणि त्यात बुडवलेलं बिस्किट नव्हतं, कीड कमी होती ती त्यामुळे, राखेमुळे नाही. राख खरखरीत असते, त्यातली रेती-माती कशी असेल सांगता येत नाही. गेरूच्या लाल मंजनाचंही तेच. अशा भुकटीने वर्षानुवर्षं घासलेल्यांचे दात बाहेरून गुळगुळीत चपटे झालेले मी बघते, चमकतात छान, पण गार पाणी पिता येत नाही.

आणि राखुंडीवरून आठवलं म्हणून, कोणाच्या घरी मशेरी चालू असेल तर ती आधी थांबवा, हे ब्रशच्या जोरापेक्षा शंभरपट गंभीर आहे. तव्यावर भाजलेली तंबाखू आहे ती, मंजन नाही. दात घासायच्या निमित्ताने दिवसातून अनेकदा तोंडात धरली जाते आणि सुटत नाही कारण ते व्यसन आहे. पेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला आपल्याकडे १९९२ पासून बंदी आहे, पण घरी भाजून केलेल्याला कोण अडवणार. आमच्या खुर्चीत बसलेल्या बायका तंबाखू खाता का विचारलं की ठामपणे नाही म्हणतात, मशेरी लावता का विचारलं की हो. दोन्ही प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात.

---

रात्रपाळी

मी उलटा केस आहे. जोरात नाही घासत पण दिवसातून पाच वेळा घासतो कारण तोंडाला वास येतो असं मला सारखं वाटतं. नोकरी रात्रीची, कॉल सेंटर, चहा भरपूर. घासलं की तासभर बरं, मग परत तेच. माउथवॉश पण झाला, तिखटजाळ आहे तो. पाच वेळा म्हणजे ओव्हर होतंय का?

---

बत्तिशी_दाखवा

हलक्या हाताने असेल तर पाच वेळाने दात पडणार नाहीत, पण वास ब्रशने जाणारा असता तर एव्हाना गेला असता ना. वास बहुतेक वेळा तिथून येतो जिथे ब्रश जातच नाही. जिभेचा मागचा भाग, तो टंग क्लीनरने मागून पुढे हळू खरवडा, रोज एकदा पुरे. दोन दातांच्या मधली जागा, तिथे फ्लॉस नाहीतर फट मोठी असेल तर इंटरडेंटल ब्रश (सेफ्टी पिन नाही, कृपया, माझ्याकडे रोज एक जण पिनवाला येतो). आणि तुमच्या बाबतीत कोरडं तोंड हे मोठं कारण वाटतंय, रात्रभर जागरण, बोलणं, चहा आणि पाणी कमी. लाळ कमी झाली की वास वाढतो. अल्कोहोलवाला माउथवॉश तोंड अजून सुकवतो, तो बंद करून बघा. एवढं करून महिन्याभरात गेला नाही तर हिरड्या तपासून घ्या, हिरडी आणि दात यांच्यात खोल कप्पे झाले असतील तर वरून कितीही घासून वास राहतोच.

---

अनिवासी_भोपळा

मी लंडनजवळ राहतो, इकडचं थोडं सांगतो. माझ्या हायजिनिस्टने पहिल्याच भेटीत सांगितलं की घासून झालं की थुंकायचं, चूळ भरायची नाही. मला आधी किळस आली, आपण लहानपणापासून खळखळून चार चुळा भरणारी माणसं. पण कारण साधं आहे, पेस्टमधलं फ्लोराइड दातावर थोडा वेळ राहू दे. इकडे मोठ्यांच्या पेस्टमध्ये १३५० ते १५०० पीपीएम फ्लोराइड असतं, भारतात कायद्याने १००० च्या वर नाही, म्हणजे तिकडे तर धुऊन टाकणं अजूनच तोट्याचं.

दुसरं, बाबांसाठी इलेक्ट्रिक ब्रश बघा, प्रेशर सेन्सरवाला. जास्त दाबलं की लाल दिवा लागतो, काहीत तर मोटरच हळू होते. माझे वडील पण कोणाचं ऐकत नाहीत, मशीनचं ऐकतात. फक्त आधी नीट समजवा की हा आपोआप हलतो, याला नुसतं दातावर धरायचं, हाताने वर परत घासायचं नाही. नाहीतर दुप्पट काम होतं!

---

शास्त्रीबुवा

ओवीताई, वडिलांना जुन्या गोष्टींवर विश्वास असेल तर एक सांगून बघा. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दिनचर्येच्या अध्यायात दातण कसं असावं ते आहे. बारा अंगुळं लांब, करंगळीच्या टोकाएवढं जाड, सरळ, चवीला तुरट कडू तिखट, आणि "मृद्वग्र", म्हणजे टोक चावून मऊ केलेलं. सकाळी आणि जेवल्यावर. आणि शेवटी स्पष्ट अट, "दन्तमांसान्यबाधयन्", हिरड्यांना इजा न करता. पुढे ज्यांनी दातण करू नये अशांची यादी आहे त्यात वांती होणारा माणूस पण येतो, वर सोलकढीताईंना डॉक्टरांनी जे सांगितलं त्याच्या जवळचंच. म्हणजे मऊ ब्रश ही काही कंपन्यांची आयडिया नाही हो काका.

---

खडूस_काका

बुवा, संस्कृत आणलंत म्हणजे मी हरलो. पण पेस्टच्या किमतीवर माझा राग कायम आहे.

---

ओवी२१

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद, एवढं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळा धागा बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. डॉक्टर, तुमचं ते कर्तृत्ववालं वाक्य वाचल्यावर ते पेपर खाली ठेवून ऐकायला लागले, आणि वाग्भट आल्यावर तर "हे त्या मुलीने आधी का नाही सांगितलं" असं म्हणाले. ॲसिडिटी आहे त्यांना, रोज सकाळी आंबट ढेकर येतात आणि त्यानंतरच ते जोरात घासायला जातात, हे आम्ही कोणी जोडूनच पाहिलं नव्हतं, त्यासाठी आता फॅमिली डॉक्टरांकडे नेतेय.

इलेक्ट्रिकला अजून तयार नाहीत, बॅटरी तोंडात नको म्हणतात. चिमटीत धरायचं मात्र जमतंय, कुरकुर करत. सॉफ्ट ब्रशवर मी एक चलाखी केली, पॅकेट फेकून दिलं आणि हा नवीन मीडियम आहे म्हणून ठेवला, अजून ओळखलं नाहीये, कोणी त्यांना सांगू नका. मुलाचे मी मागे उभी राहून घासते, त्याला ते अजिबात आवडत नाही.

एकच राहिलं. त्या तीन खाचा भरायला डेंटिस्टने बोलावलंय. शेजारच्या काकू म्हणतात असलं सिमेंट टिकत नाही, वर्षात पडतं, आणि एकदा स्केलिंग केलं की दात हलायला लागतात. पैसे वाया जातील का? बाबांची पेन्शन किती ते तुम्हाला माहितीये, एसटी.

---

बत्तिशी_दाखवा

मीडियमचं गुपित आमच्याकडे सुरक्षित आहे.

काकूंचं एक अर्धं खरं, एक अजिबात नाही. स्केलिंगने दात हलत नाहीत. किटणाने आधीच हिरडी आणि हाड खाल्लेलं असतं, ते किटण दातांच्या मध्ये अडकून असतं, काढलं की फट दिसते आणि दात मोकळा वाटतो. दोष किटणाचा, नाव होतं काढणाऱ्याचं.

खाचांचं फिलिंग मात्र इतर फिलिंगपेक्षा जास्त वेळा निघतं हे खरं आहे, कारण चावताना दात मानेपाशी किंचित वाकतो आणि ती जागा हिरडीच्या ओलीजवळ असते, तिथे चिकटवणं अवघड. दातरंगाचं कॉम्पोझिट दिसायला छान, दुसरं ग्लास आयनोमर, ते रंगाला जरा फिकट पण थोडं फ्लोराइड सोडतं आणि मुळाला चांगलं धरतं. बाबांच्या जागी कुठलं ते तोंड बघूनच ठरतं. पण फिलिंग करून परत तोच जोर चालू राहिला तर फिलिंगच्या कडेला नवी खाच पडते, तेव्हा आधी महिनाभर चिमटीतला मऊ ब्रश आणि सेन्सिटिव्हिटीची पेस्ट (पोटॅशियम नायट्रेटवाली, फरक पडायला दोन-चार आठवडे लागतात, एका दिवसात बंद करू नका) लावून बघा. कळ थांबली आणि खाच उथळ असेल तर डॉक्टरला विचारून थोडं थांबताही येतं. खोल असेल तर थांबू नका, नसेपर्यंत गेलं की खर्च खूप वाढतो.

पैशाचं म्हणाल तर मुंबईत असाल तर सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेसच्या आवारात गव्हर्नमेंट डेंटल कॉलेज आहे, मुंबई सेंट्रलला नायर डेंटल आहे. नागपूर आणि संभाजीनगरलाही सरकारी डेंटल कॉलेज आहे. खासगीच्या मानाने अगदी कमी पैशात होतं. सकाळी लवकर जा, केसपेपरला रांग असते, आणि विद्यार्थी काम करतात म्हणून घाबरू नका, वर शिक्षक तपासतात. वेळ जास्त लागतो एवढंच.

---

ओवी२१

आम्ही नाशिकला, पण बहीण दादरला असते, तिच्याकडे जाऊन येऊ मग. केसपेपरसाठी आधार लागतं का? आणि किती वाजता पोचलेलं बरं?

---

अनिवासी_भोपळा

माझी आई नायरला जायची, आधार जवळ ठेवा आणि आधीच्या डॉक्टरचा कागद, एक्सरे असेल तर तो पण. ओपीडी उघडायच्या आधीच पोचा, आणि बाबांना घरून नाश्ता करूनच न्या, रांगेत भूक लागली की त्यांचा पारा परत चढायचा.